पिशवी क्रमांक सतरा

शोनाईच्या मैदानात चिखलणी झाली
की खाचराच्या एका कोपऱ्यात, वारा लोटेल तिथे,
पिवळट मण्यांची साय धरते.
साबुदाण्याएवढे मणी.
लांबून बेडकाची अंडी वाटतात.
चिमटीत धरून दाबला, तर फुस्स.
आतला युरिया मागच्या उन्हाळ्यात
भाताने थेंबाथेंबाने पिऊन टाकला,
भांडं तेवढं विसळायचं राहिलं.

हिसानोसान मोरीशी उभ्या असतात,
एकाहत्तराव्या वर्षी, मांडीपर्यंत रबरी बूट,
हातात नातवाची फुलपाखरांची जाळी.
"पूर्वी तीनदा खत फेकायचो.
भर जुलैत, पाठीवर वीस किलोंचं यंत्र.
मग हे आलं. लावणीला एकदा टाका
आणि थेट कापणीलाच या.
माझी पाठ वाचली बघ त्याने.
आता पाठीचं बिल समुद्र भरतो."
एवढं बोलून जाळी बादलीत झटकतात.

मी त्सुरुओकाच्या प्रयोगशाळेतली.
त्यांच्या चिखलात मी पिशव्या पुरते.
बारीक जाळीच्या चाळीस पिशव्या,
दर पिशवीत पन्नास टरफलं जुन्या प्लास्टिकची
आणि पन्नास नव्या, जे म्हणे कुजतं.
कुजतं.
पोत्यावर छापायला किती सोपं क्रियापद.

खाली काय चालतं ते मला काचेवर दिसतं, तेही मेलेलं.
बाकीचं अंदाजाने सांगते.
ज्याला तोंड नाही तो आधी लाळ सोडतो.
टरफलावर बुळबुळीत थर धरतो,
आणि लाळ त्या लांबलचक साखळीची
एकेक कडी सोडवत बसते,
भरतकाम उसवावं तशी.
सुटलेला तुकडा ज्याने सोडवला त्यालाच मिळेल असं नाही.
शेजारी टपलेले असतात.
कुणी नुसतेच आयते जेवतात.
नोव्हेंबरात सगळं मंदावतं.
मग बर्फ पडतं, कमरेएवढं,
आणि खानावळ एप्रिलपर्यंत बंद.

दर सहा महिन्यांनी चार पिशव्या उकरायच्या,
धुवायच्या, वाळवायच्या, तोलायच्या.
पहिल्या वर्षी घट निघाली तीन दशांश मिलिग्रॅम.
ती त्यांची भूक होती की माझ्या धुण्यातली चूक,
कळेना. तीनदा तोलून पाहिलं.
शेवटी तक्त्यात पेन्सिलीने लिहिलं.

सतरा नंबरची पिशवी हरवली होती.
खूण म्हणून रोवलेली बांबूची काडी बगळ्याने पाडली असावी,
किंवा ट्रॅक्टरने. मी तिच्यापुढे फुली मारली.
चौथ्या उन्हाळ्यात तण काढताना
ती हिसानोसानच्या पायाला लागली.
"तुझं काहीतरी सापडलंय," त्यांचा फोन,
जणू मी छत्री विसरून गेले होते.

त्यांच्या ओट्यावर, जुन्या वर्तमानपत्रावर
आम्ही दोघींनी ती उघडली.
नव्यातली अकरा उरली होती.
एक उन्हासमोर धरलं
तर भोकंच भोकं, कसरीने खाल्लेल्या लोकरीसारखी,
आणि बोटांत धरता धरताच मोडलं.
जुनी मोजली. पन्नास.
पुन्हा मोजली. पन्नासच्या पन्नास,
अंगाला चिखल लागलेला, तो पाण्याने गेला
आणि आतून तशीच चकचकीत.

"यांचं काय?"
"यांना खाणारा अजून जन्मला नाही," मी म्हणाले.
म्हणायचं होतं, आम्हाला अजून सापडला नाही.
दोन्हींत फरक आहे,
पण त्यांनी तोवर लोणच्याची रिकामी बरणी आणली होती.
पन्नास टरफलं त्यात टाकली,
झाकण घट्ट लावलं,
खिडकीत ठेवली, काचेपाशी.

नवं खत त्या घेतात आता. महाग पडतं.
एखाद्या थंड वर्षी ते उशिरा सुटतं,
रोपं पिवळी पडतात, आणि मग त्या मला फोन करून
माझ्या सगळ्या जंतूंना नावं ठेवतात.

मोरीवर जाळी मात्र तशीच.
वरच्या अंगाची खाचरं मोरितांची,
आणि पाणी काही
मालक विचारून उतरत नाही.